टिकेल तो वाण

नगर, पुणे, सातारा, सोलापूर या पट्ट्यात दुधाच्या धंद्यातला माणूस नुसते ‘घास’ म्हणाला, की तो लसूण घासाबद्दल बोलतो आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत याला ल्यूसर्न म्हणतात, गुजरातेत रजको आणि अमेरिकेत अल्फाल्फा. गोठ्यामागच्या चार-पाच गुंठ्यांत, विहिरीच्या पाण्यावर, वाफे पाडून हे पीक उभे असते. रोज सकाळी विळा घेऊन थोडे थोडे कापत जायचे. शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचेतो पहिला वाफा पुन्हा कापणीला आलेला असतो.

नाव घास असले तरी हे गवत नव्हे. हे मेथीच्या जवळच्या नात्यातले द्विदल झाड आहे. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून देतात, त्यामुळे याच्या सुक्या वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा प्रथिनांचा असतो. ज्वारीच्या कडब्यात हेच प्रमाण चार-पाच टक्क्यांच्या आसपास भरते. दुभत्या जनावराला पेंड किती घालावी लागेल, हे गोठ्यात घास किती आहे यावर ठरते ते याच कारणाने.

घासाचे बी घ्यायला गेलेला शेतकरी दुकानात पहिला प्रश्न विचारतो, सगळ्यांत जास्त चारा कुठल्या बियाण्याचा निघतो? प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. मक्याचे उत्पन्न एका हंगामात मोजून होते. लसूण घास एकदा पेरला की तीन वर्षे कापायचा असतो. पहिल्या वर्षी बहुतेक वाण चांगलेच दिसतात. खरा हिशेब तिसऱ्या वर्षी होतो. वाफ्यात तेव्हा किती ठोंब जिवंत आहेत, यावर एकूण चारा ठरतो. म्हणून या पिकात ‘जास्त उत्पन्न’ आणि ‘कीड-रोगाला दाद न देणे’ हे दोन गुण वेगळे काढताच येत नाहीत. अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांनी हा धडा जवळजवळ शतकभर, एकामागून एक शत्रू अंगावर घेत शिकून घेतला. त्याची सुरुवात एका जर्मन शेतकऱ्याच्या हट्टापासून होते.

ग्रिमचे बी

१८५७ मध्ये व्हेंडेलिन ग्रिम हा शेतकरी जर्मनीतल्या बाडेनमधून कुटुंबासह अमेरिकेत आला आणि मिनेसोटातल्या कार्व्हर परगण्यात स्थायिक झाला. सामानात त्याने गावाकडच्या घासाचे दहा किलोच्या आतले बी आणले होते. मिनेसोटात हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. जर्मनीतल्या हवेला सरावलेली झाडे तिथे गोठून मरू लागली. ग्रिमने पीक बदलले नाही. हिवाळ्यातून जी थोडी झाडे वाचत, त्यांचेच बी तो धरी आणि पुढच्या वर्षी तेच पेरी. पुन्हा बरीच मरत, पुन्हा वाचलेल्यांचे बी. असे करता करता हिवाळा सोसणारा घास त्याच्या शेतात उभा राहिला.

ग्रिम १८९० मध्ये वारला तेव्हा त्याच्या बियाण्याची कीर्ती परगण्यापलीकडे फारशी गेली नव्हती. १९०० च्या सुमारास मिनेसोटाच्या कृषी प्रयोग केंद्रातले विलेट हेज यांचे लक्ष तिकडे वेधले गेले, चाचण्या झाल्या आणि ‘ग्रिम’ हा उत्तर अमेरिकेतल्या थंड भागाचा आधारवाण ठरला.

पुढे अभ्यासकांनी त्या शेतातली फुले नीट पाहिली. लसूण घासाला जांभळी फुले येतात. थंड प्रदेशांत वाढणाऱ्या त्याच्या रानटी भावंडाला पिवळी येतात. ग्रिमच्या झाडांत जांभळ्या फुलांबरोबर हिरवट, पिवळसर छटांचीही फुले होती. म्हणजे जर्मनीहून आलेल्या बियाण्यात पिवळ्या फुलांच्या जातीचे रक्त आधीपासूनच मिसळलेले होते. ग्रिमने नवा गुण निर्माण केला नाही. गर्दीत विखुरलेला गुण त्याने एकत्र आणला. हिवाळ्याने चाळणी लावली आणि चाळणीत उरलेले त्याने जपले. बी जर एकसारख्या झाडांचे असते, तर ही चाळणी लावून काहीही उरले नसते.

जमिनीखालचा शत्रू

हिवाळा जिंकलेला ग्रिम पुढे वेगळ्याच शत्रूपुढे हरला. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या लक्षात येऊ लागले, की दोन-तीन वर्षे चांगले उभे असलेले घासाचे रान एकाएकी विरळ होते. झाडे खुजी राहतात, पाने बारीक आणि पिवळट होतात, कापणीनंतर फूट येत नाही. वरून पाहिले तर पाण्याचा ताण वाटावा. पण असे झाड खणून काढले, मुळीची साल चाकूने सोलली, की रहस्य उघडे पडे. निरोगी मुळीचे आतले लाकूड पांढरे असते. रोगट मुळीत सालीखालचे कडे पिवळसर-तपकिरी झालेले दिसे. मुळीतल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत जिवाणू शिरून बसले होते. याला जिवाणूजन्य मर असे नाव मिळाले.

मुळीत शिरलेल्या या रोगावर औषध मारून इलाज नव्हता. मग शोध सुरू झाला तो अशा बियाण्याचा, की जे या जिवाणूला पुरून उरेल. लसूण घासाची जन्मभूमी इराण, कॉकेशस आणि मध्य आशियाचा पट्टा. तुर्कस्तान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मध्य आशियाई प्रदेशातून आलेल्या बियाण्यात मर सोसणारी झाडे चांगल्या संख्येने सापडली. दुसरे एक बी आपल्या देशातले होते. १९१० मध्ये लडाखमधून अमेरिकेत गेलेल्या बियाण्यापासून ‘लडाक’ नावाचा वाण तयार झाला होता. हिमालयापलीकडच्या कोरड्या थंडीत वाढलेला हा घास हिवाळाही सोसायचा आणि मर रोगातही बऱ्यापैकी तग धरायचा. १९४२ मध्ये ‘रेंजर’ आणि १९४३ मध्ये ‘बफेलो’ हे मर रोगाला तोंड देण्यासाठी मुद्दाम निवडलेले वाण शेतकऱ्यांच्या हाती आले. ग्रिमचे दिवस संपले.

यातला बोध महत्त्वाचा आहे. ग्रिम वाईट वाण झाला म्हणून मागे पडला नाही. त्याची निवड थंडीसमोर झाली होती, जिवाणूसमोर नव्हे. वाणाचा प्रतिकार हा नेहमी कुणाविरुद्ध तरी असतो. नुसते ‘प्रतिकारक्षम वाण’ म्हणणे म्हणजे पत्त्यावर गावाचे नाव न घालता पत्र टाकणे.

ठिपक्यांचा मावा

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात घासावर एक नवाच मावा दिसला. पिवळसर, टाचणीच्या डोक्याएवढा, पाठीवर काळ्या ठिपक्यांच्या रांगा. झाडाच्या खालच्या पानांच्या मागच्या बाजूला तो बसे आणि रस शोषता शोषता पानात विषारी लाळ सोडी. पानांच्या शिरा फिकट पडत, पान पिवळे होऊन गळे, आणि उरलेल्या पानांवर चिकट गोड द्रव साचे. कापणीची यंत्रेसुद्धा त्या चिकट्याने बरबटत. या माव्याची मादी नराशिवायच पिल्ले देते, पिल्लेही माद्याच, आणि उबदार हवेत आठवडाभरात तीही पिल्ले देऊ लागतात. दोन-तीन वर्षांत हा मावा न्यू मेक्सिकोतून कॅलिफोर्नियापर्यंत आणि पूर्वेला दूरवर पसरला.

शेतकऱ्यांनी फवारण्या केल्या. त्या काळातल्या जहाल औषधांनी माव्याबरोबर त्याला खाणारे ढालकिडेही मेले आणि मावा दुप्पट जोराने परतला. अशा वेळी नेव्हाडातल्या संशोधकांच्या हाती एक वाण होता, ‘लाहोंटन’. तो १९५४ मध्येच प्रसारित झाला होता, पण निवड झाली होती खोडातला सूत्रकृमी आणि जिवाणूजन्य मर यांच्याविरुद्ध. शेजारची शेते माव्याने पिवळी पडलेली असताना लाहोंटन हिरवा उभा राहिला. तुर्कस्तानी वंशातून त्याच्यात न मागता आलेला हा गुण होता. १९५७ मध्ये उष्ण प्रदेशासाठी ‘मोआपा’ आला. त्याची निवड मात्र थेट या माव्याविरुद्धच केलेली होती.

ही निवड कशी होते ते पाहण्यासारखे आहे. उथळ ट्रेमध्ये ओळीने बी पेरतात. दोन पानांवर रोपे आली की वरून माव्याने भरलेल्या फांद्या झटकतात. प्रत्येक ट्रेमध्ये एक ओळ हमखास मरणाऱ्या वाणाची आणि एक हमखास टिकणाऱ्या वाणाची ठेवतात. मरणारी ओळ मेली नाही तर मावा पुरेसा सोडला नव्हता असे समजून ती चाचणी रद्द. मरणारी ओळ झोपली, की बाकीच्या ओळींत जिवंत उरलेली रोपे मोजायची, उचलून कुंडीत लावायची आणि त्यांचा आपसात संकर करायचा. मिनेसोटाच्या हिवाळ्याने वर्षानुवर्षे केलेले काम येथे काही आठवड्यांत उरकते.

झाड कीटकाला तोंड कसे देते याची मांडणी कॅन्ससमधले कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ च्या आपल्या ग्रंथात केली होती. ती आजही वापरतात. पहिला प्रकार, झाड कीटकाला आवडतच नाही, तो बसतो आणि उठून जातो. दुसरा, बसला तरी त्याला झाड मानवत नाही, तो खुरटतो, पिल्ले कमी देतो, मरतो. तिसरा, कीटक खातो, वाढतो, पण झाड ते सोसून पुन्हा फुटते. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिन्ही चालतील, पण त्यांचे परिणाम वेगळे. दुसऱ्या प्रकारात किडीवर फार मोठा दाब येतो. त्या दाबाखाली एखादी वेगळी मादी तगली, की तिच्या लेकी-नाती सगळ्या तशाच निपजतात. ठिपक्यांच्या माव्यात नेमके हेच झाले. मोआपा आल्यानंतर काही वर्षांतच त्या वाणावरही सुखाने जगणारे माव्याचे नवे प्रकार कॅलिफोर्नियात सापडू लागले. १९७० च्या दशकात निळसर मावा आला, आणि त्याच्यासाठी ‘सीयूएफ १०१’ हा वेगळा वाण काढावा लागला.

ऑस्ट्रेलियाने तर एकाच वाणावर भिस्त ठेवण्याची किंमत मोजली. न्यू साउथ वेल्समधल्या हंटर नदीच्या खोऱ्यात रुळलेला ‘हंटर रिव्हर’ घास पिढ्यान् पिढ्या देशभर पेरला जात होता. उत्पन्न चांगले, हवेला सरावलेला, कुणाची तक्रार नाही. १९७७ मध्ये ठिपक्यांचा मावा आणि निळसर मावा असे दोघेही त्या देशात पोहोचले. हंटर रिव्हरला या माव्यांची कधी गाठच पडली नव्हती. मोठमोठी राने उजाड झाली. घाईघाईने कॅलिफोर्नियातून सीयूएफ १०१ चे बी आणावे लागले आणि मग ऑस्ट्रेलियाने स्वतःचे प्रतिकारक वाण पैदा केले.

प्रत्येक झाड वेगळे

आता मुद्द्याची गोष्ट. गव्हाच्या एखाद्या वाणाची सगळी झाडे जवळपास एकसारखी असतात. लसूण घासाचे तसे नाही. त्याचे कारण त्याच्या फुलात आहे.

घासाचे फूल वाटाण्याच्या फुलासारखेच, पण इवलेसे. खालच्या दोन पाकळ्या जोडून होडी तयार झालेली असते आणि तिच्यात केसरांचा दांडा ताणून दाबून बसवलेला असतो. माशी होडीवर बसून आत तोंड घालते, तशी कळ सुटते, दांडा फटकन वर उसळतो आणि माशीच्या हनुवटीवर परागकण थापतो. ही थप्पड मधमाशीला आवडत नाही. पुष्कळ मधमाश्या फुलाच्या बाजूने सोंड घालून मध चोरायला शिकतात. म्हणून अमेरिकेत घासाचे बी धरणारे शेतकरी पाने कातरणाऱ्या एकांड्या माश्या आणि क्षारट जमिनीत बिळे करणाऱ्या माश्या मुद्दाम पाळतात. एका झाडाचे पराग दुसऱ्यावर जातात, तेव्हाच जोमदार बी धरते. स्वतःच्याच परागावर पोसलेले बी पुढच्या पिढीत खुरटते.

त्यामुळे घासाचा प्रत्येक दाणा संकराचा असतो. त्यात भर म्हणजे पेशींतल्या गुणसूत्रांचे संच दोन नसून चार असतात, एकूण ३२. पैदासकार निवडक झाडांचा एक गट घेतो, त्यांचा आपसात संकर होऊ देतो आणि येणारे मिश्र बी एका नावाने देतो. वाण म्हणजे असा जमाव. त्यात कुणी माव्याला दाद देत नाही, कुणी देतो.

म्हणूनच अमेरिकेत घासाच्या वाणाचा प्रतिकार ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा न सांगता शेकड्यात सांगतात. शंभरात पन्नासपेक्षा जास्त झाडे प्रतिकारक असली तर वाण अतिप्रतिकारक, ३१ ते ५० असली तर प्रतिकारक, १५ ते ३० मध्यम, ६ ते १४ अल्प, आणि त्याखाली बळी पडणारा. प्रत्येक रोग आणि प्रत्येक कीड यांच्यासाठी वेगळा रकाना. एकच वाण मर रोगाला अतिप्रतिकारक आणि निळसर माव्याला बळी पडणारा असू शकतो.

निम्मीच झाडे टिकणार असतील तर पीक कसे टिकेल, अशी शंका येईल. गणित करून पाहू. आपल्याकडे शिफारस हेक्टरी २५ किलो बियाण्याची आहे, म्हणजे गुंठ्याला साधारण पाव किलो. हजार दाण्यांचे वजन सुमारे दोन ग्रॅम. म्हणजे गुंठ्यात सव्वा लाख दाणे, चौरस फुटाला सव्वाशेच्या आत-बाहेर. तिसऱ्या वर्षी भरगच्च दिसणाऱ्या रानातसुद्धा चौरस फुटाला पाच-सहा ठोंब असतात. बाकीचे दाटीत आपोआप गेलेले असतात. पहिल्या वर्षी किडीने निम्मी रोपे मारली तर उरलेली त्यांची जागा व्यापून टाकतात आणि शेतकऱ्याला फारसा फरक दिसतही नाही. पण मर रोगासारखा उशिरा येणारा शत्रू पाच-सहा ठोंबांवर हल्ला करतो. त्यातले तीन गेले की तिथे टक्कलच पडते. म्हणून रोपावस्थेतल्या शत्रूविरुद्ध मध्यम प्रतिकार भागवून नेतो, मुळी आणि ठोंब कुजवणाऱ्या रोगांविरुद्ध मात्र वरची श्रेणी पाहावी.

आणि टक्कल पडलेल्या जागी पुन्हा घासाचेच बी टाकून भागत नाही. जुन्या झाडांतून जमिनीत उतरलेली द्रव्ये नव्या रोपांना वाढू देत नाहीत. ते रान मोडून मका, ज्वारी असे दुसरे पीक घ्यावे लागते आणि मगच घास. म्हणजे वाण चुकला तर नुसते बियाणे वाया जात नाही, तीन वर्षांचे नियोजन बिघडते.

जिथे वाण कामी येत नाही

प्रत्येक शत्रूवर वाण सापडतोच असे नाही. १९०४ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात घासाचा भुंगा पहिल्यांदा आढळला. तोंडाला सोंड असलेला हा तपकिरी भुंगा खोडात अंडी घालतो आणि त्याच्या हिरव्या अळ्या शेंड्याची पाने खाऊन जाळी करतात. घासातली बहुतांश प्रथिने पानांत असल्याने पाने गेली की उरतात त्या नुसत्या काड्या. इतकी दशके प्रयत्न करूनही या भुंग्याला ठामपणे रोखणारा वाण निघाला नाही. तिथे कामी आल्या त्या युरोपातून आणून सोडलेल्या, अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या परजीवी माश्या, आणि वेळेआधी केलेली कापणी. हाच भुंगा आपल्याकडच्या लसूण घासावरही येतो.

तुडतुड्यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. अमेरिकेच्या मध्य भागात दर वर्षी दक्षिणेकडून उडत येणारे तुडतुडे घास पिवळा पाडतात. घासाच्या रानटी भावंडांच्या खोडावर चिकट थेंब धरणारी लव असते, तिला लहान तुडतुडे चिकटून मरतात. ही लव लागवडीच्या घासात आणून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नवे वाण बाजारात आले. पण पहिल्या पिढीतल्या वाणांनी तुडतुडे नसलेल्या वर्षी साध्या वाणांपेक्षा कमी चारा दिला. पुढच्या पिढ्यांत हा तोटा बराच भरून निघाला. शत्रू शेतात येतच नसेल तर त्याच्याविरुद्धच्या चिलखताचे ओझे कशाला वाहायचे, हा प्रश्न प्रत्येक वाणाबाबत विचारावा.

झोपणारे आणि जागे

परदेशी वाणांची माहितीपत्रके पाहून एखाद्याला वाटेल, की रोगांचे सगळे रकाने भरलेला अमेरिकी वाणच मागवावा. तसे करण्याआधी एक आकडा पाहावा. दिवस लहान झाले आणि थंडी पडली, की घास वाढ थांबवतो. ही झोप किती गाढ यावरून वाणांना १ ते ११ क्रमांक देतात. १९५३ चा विस्कॉन्सिनचा ‘व्हर्नल’ दोन क्रमांकाचा, म्हणजे गाढ झोपणारा. कॅलिफोर्नियाचा सीयूएफ १०१ नऊ क्रमांकाचा, जवळजवळ जागाच. गाढ झोपणारा वाण बर्फात तग धरतो, पण महाराष्ट्रात डिसेंबर-जानेवारीत, घासाच्या वाढीच्या ऐन दिवसांत, तो जमिनीलगत बसून राहील. आपल्या हवेत जागा राहणाराच वाण हवा.

आपल्या वाफ्यासाठी

महाराष्ट्रात सर्वाधिक शिफारस होते ती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या आरएल-८८ या बहुवार्षिक वाणाची. त्याशिवाय गुजरातेतल्या आणंदचे आणंद-२ आणि आणंद-३, सिरसा-९, झाशीच्या चारा संशोधन संस्थेचा चेतक, कोइम्बतूरचे को मालिकेतले वाण अशी नावे ऐकू येतात. यातून निवडताना पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

पहिली, किती वर्षे ठेवायचा आहे. हंगामी बियाणे एका उन्हाळ्यात संपते. तीन वर्षे ठेवायचा तर बहुवार्षिकच घ्या आणि पिशवीवर तसे नाव असल्याची खात्री करा.

दुसरी, आकडे कशाचे आहेत. हिरव्या चाऱ्यात सुमारे ऐंशी टक्के पाणी असते. दोन वाणांची तुलना सुक्या वजनावर, प्रथिनांवर आणि पानांच्या प्रमाणावर करा. पहिल्या वर्षीच्या आकड्यांपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीचे आकडे मागा, तेही आपल्यासारख्याच जमिनीतल्या चाचणीचे.

तिसरी, आपला शत्रू कोण. फेब्रुवारी-मार्चमध्ये मावा येतो का? अळी पाने खाते का? की पावसाळ्यात भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळ्या कुजतात? शेवटचे असेल तर नुसता वाण बदलून भागणार नाही, निचऱ्याची जमीन शोधावी लागेल. एखादे मेलेले झाड खणून, मुळी उभी चिरून पाहिल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये.

चौथी, बी कुठले. सुटे, बिननावाचे बी स्वस्त पडते, पण त्याच्याबरोबर अमरवेल येते. एकदा ती वाफ्यात शिरली की कुठलाही वाण वाचवू शकत नाही. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी असते, ती पाहून घ्या. घरचे बी धरायचे असेल तर अमरवेल नसलेल्या, तिसऱ्या वर्षातही दाट राहिलेल्या वाफ्याचे धरा. पहिल्या वर्षीच्या वाफ्यात लायक-नालायक सगळीच झाडे असतात. तिसऱ्या वर्षीच्या वाफ्यात चाळण होऊन गेलेली असते.

पाचवी, कापणी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलेला घास पहिल्यांदा पन्नास-साठ दिवसांनी आणि नंतर दर पंचवीस-तीस दिवसांनी कापतात. मुळीत साठवलेल्या अन्नावर नवी फूट येते. घाईने कापत गेलात तर ती साठवण भरतच नाही आणि उत्तम वाणही दुसऱ्या वर्षी मरगळतो. उलट मावा वाढू लागलेला दिसला आणि पीक कापणीच्या जवळ आलेले असले, तर औषध मारण्यापेक्षा विळा लवकर चालवणे शहाणपणाचे. फवारलेला चारा लगेच जनावरापुढे टाकता येत नाही, त्याचा अंश दुधात उतरण्याचा धोका असतो. कोवळा घास एकटा भरपेट घातला तर पोटफुगी होते, तेव्हा तो कडब्याच्या कुट्टीत मिसळूनच द्यावा.

शेवटी, कुणाच्याही शिफारशीवर, या पुस्तकाच्याही, सगळे रान सोपवू नका. या ऑक्टोबरात तीन वाण तीन शेजारच्या वाफ्यांत पेरा, खत-पाणी सारखे द्या आणि पाट्या लावा. तिसऱ्या वर्षी एक फूट लांब-रुंद चौकट टाकून कोंब मोजा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचा ठोकताळा असा, की चौरस फुटाला ५५ पेक्षा जास्त कोंब असतील तर पीक भरात आहे आणि ४० च्या खाली आले तर मोडावे. आपल्या हवेत हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण तीन वाफ्यांतला फरक तुमच्या डोळ्यांपुढे असेल. ज्या वाफ्यात कोंब जास्त, तो तुमचा वाण. पहिल्या वर्षी त्याने किती चारा दिला होता, ते विसरून जा.